छायाचित्रातली रुग्ण डॉक्टरांना दिसणार कशी?

संपादक महोदय,

मनोविकारतज्ज्ञांना व्हिडिओ कॉलवरून भेटण्याविषयीचा ‘घरबसल्या मनोपचार’ हा कालचा लेख वाचला. विषय हाती घेतलात याबद्दल आभार. पण सोबतचे छायाचित्र पाहून राहवले नाही. उशीला टेकून बसलेली मुलगी, पाठीमागे उघडी खिडकी, मोबाइल हातात आणि पडद्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंतचा चेहरा. असे बसलेल्या रुग्णाची तपासणी होऊच शकत नाही. मागच्या उजेडाने चेहरा काळा पडतो आणि थरथर हाताची की फोनची, हे कळायला मार्ग उरत नाही. आता वाचकही तसेच बसतील, याचा मला मनापासून राग आला आहे.

फोन हातात धरायचाच नाही. टेबलावर डब्याला किंवा तांब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर आडवा ठेवायचा आणि आपण तीन-चार फूट मागे, हात नसलेल्या खुर्चीवर बसायचे. उजेड समोरून हवा. मांडीवरचे हात आणि जमल्यास पावलेही दिसली पाहिजेत. मनोविकारांवरच्या काही औषधांनी जीभ वळवळते, जबडा हलतो, बोटे थरथरतात, चालताना हात झुलायचे थांबतात. हे सगळे नुसत्या चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून चपला काढून आठ-दहा पावले चालून, वळून परत यायला सांगतात, जीभ बाहेर काढून धरायला सांगतात. रुग्णांना हे विचित्र वाटते आणि ते टाळतात. टाळू नये.

नेटवर्कचा घोळ तर लेखात आलाच नाही. चित्र अडखळले की बारीक कंप त्यात गडप होतो. अशा वेळी हात समोर ताणून त्यावर साधा कोरा कागद ठेवावा. कागदाची कड कंप मोठा करून दाखवते. आवाज उशिरा पोचला तर रुग्ण सावकाश विचार करतोय असे वाटू शकते. नैराश्यात विचार खरोखरच मंदावतात, म्हणून त्याच्या तपासणीत ही चूक महागात पडते. चित्र अडखळत असेल तर लगेच सांगावे, संकोच करू नये.

आता ते वाक्य: ‘ज्यांची औषधे आधीपासून सुरू आहेत त्यांना दवाखान्यात जायची गरज उरलेली नाही.’ हे चूक आहे आणि धोक्याचेही आहे. मनःस्थितीच्या विकारांवरचे लिथियम घेणाऱ्याच्या रक्तात ते किती आहे, हे कोणत्या पडद्यावर तपासणार? रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला, म्हणजे बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यावे लागते. गोळी घेऊन रक्त दिले की आकडा फुगतो आणि डोस विनाकारण कमी केला जातो. जुलाब, उन्हाळ्यात पाणी कमी पडणे, मेडिकलमधून परस्पर आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची वेदनाशामक गोळी, यांनी लिथियम रक्तात साचते. बोलणे जड होणे, तोल जाणे, हात जोरात कापू लागणे अशी लक्षणे दिसली तर पुढच्या व्हिडिओ भेटीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापीनने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून ते सुरू केल्यावर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला त्या मोजतात. औषधांनी येणारा स्नायूंचा ताठरपणा तर डॉक्टरांनी कोपर हातात धरून वाकवल्याशिवाय समजत नाही.

कायद्याची बाजूही लेखात नीट आलेली नाही. २५ मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन (दूरस्थ वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक तत्त्वांनुसार, त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष तपासले असेल, तरच व्हिडिओ भेट ही फेरतपासणी. एरवी ती पहिली भेट धरली जाते. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, झोलपिडेम या घाबरेपणाच्या नि झोपेच्या गोळ्या दूरस्थ चिठ्ठीवर लिहून देता येत नाहीत, एकाग्रतेच्या विकारावरचे मिथिलफेनिडेटही नाही. हे न सांगितल्याने घरचे लोक शेवटची गोळी संपल्यावर धावपळ करतात. बरेच दिवस घेतलेली अल्प्राझोलाम एकदम तुटली तर झोप उडते, घाबरेपणा उसळतो, आकडीही येऊ शकते. दोन आठवड्यांच्या गोळ्या उरल्या असतानाच प्रत्यक्ष भेटीची तारीख घ्यावी, एवढी एक ओळ लेखात हवी होती.

व्हिडिओ भेट मला नको आहे असा अर्थ कृपया काढू नये. दुर्गम गावातल्या माणसाची एसटीची खेप आणि बुडणारा रोज त्यामुळे वाचतो, आणि त्यासाठीच ती नीट व्हावी ही तळमळ. सुरुवातीलाच आपण नेमके कुठे आहोत तो पत्ता आणि शेजारच्या एकाचा फोन नंबर डॉक्टरांना द्यावा. जिवाचे बरेवाईट करण्याच्या बोलण्यात कॉल तुटला तर मदत पाठवणार कुठे? खोलीत कोण कोण आहे तेही सांगावे. सासू किंवा नवरा ऐकत असेल तर डॉक्टरांना हो-नाहीचे प्रश्न विचारायला सांगावे.

आणखी एक. लेखाखालच्या चौकटीत तीन खासगी अ‍ॅपची नावे छापलीत, पण १० ऑक्टोबर २०२२पासून चालू असलेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक नाही. तो चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. उद्याच्या अंकात तो ठळक छापावा आणि औषधांबद्दलचे ते वाक्य दुरुस्त करावे, ही विनंती.

— एक मनोविकारतज्ज्ञ, सांगली