दापोडीच्या काकांना, न्यू जर्सीतल्या एडिसनहून

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

फोनवर आमच्या गाडीच्या कामाबद्दल आभार मानायला गेलं की तुम्ही “बरं बरं, थंडी काय म्हणतेय तिकडची?” असं विचारून विषय बदलता. म्हणून लिहून काढते आहे, तेही उघड्यावर, चारचौघांना वाचता येईल असं. लिहिलेल्याला तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही. शिवाय आमच्या ओळखीतल्या दोन-तीन घरांत सध्या मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घ्यायचं चाललंय. आम्ही केलेला गाढवपणा त्यांच्या कानावर गेलेला बरा.

गाडी घेतली एप्रिल २०२२ मध्ये. क्लास सी म्हणतात ती. पुढे फोर्डचं ई-४५० चॅसिस, त्यावर दुसऱ्याच कारखान्यानं बांधलेलं घर, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला झोपायचा माळा. इंजिनानं आजवर साधं शिंकूनही दाखवलेलं नाही. रडगाणं सगळं घराच्या भागाचं. ताबा घेताना विक्रेत्याच्या माणसानं तासभर बटणं दाखवली, स्लाइड, म्हणजे बाहेर सरकणारी भिंत, आत-बाहेर करून दाखवली, आणि आम्ही फोटो काढत बसलो. छतावर चढून बघावं हे डोक्यातसुद्धा आलं नाही. जुनं स्कूटर घेताना माझ्या बाबांनी मेकॅनिक बरोबर नेला होता. इथे घराच्या डाउन पेमेंटइतके पैसे ओतले आणि कोरी गाडी म्हणून डोळे मिटून सही केली.

जुलैत शेनँडोआला गेलो तेव्हा रात्री धो धो पाऊस झाला. सकाळी माळ्यावर झोपलेला मुलगा म्हणाला, “आई, गादी ओली आहे.” नऊ वर्षांच्या मुलानं असं म्हटल्यावर आम्ही आधी त्याच्यावरच शंका घेतली. त्याची माफी मागून झाली आहे. विक्रेत्याकडे गेलो तर “सगळ्याच थोड्याफार गळतात” असं हसून सांगितलं आणि छताच्या कडेला सिलिकॉनची एक जाड रेघ ओढून दिली. ऑगस्टमध्ये माळ्याच्या बाहेरच्या अंगाला, खिडकीखाली, फुगवटा दिसायला लागला. नवरा म्हणाला, उन्हानं झालं असेल. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

मग गणपती आले. तुम्ही आणि काकू आरतीला आलात, प्रसाद घेतलात, आणि चपला घालता घालता ड्राइव्हवेतल्या गाडीकडे बघत थांबलात. एसटीच्या दापोडी वर्कशॉपात ३१ वर्षं बॉडी बांधलेल्या माणसाला आम्ही तोवर फक्त “शेजाऱ्यांचे बाबा, व्हिजिटर व्हिसावर आलेत” एवढंच ओळखत होतो. तुम्ही माझ्याकडे एक नाणं मागितलंत. पर्समध्ये क्वार्टर होतं. माठ घेताना बोटानं वाजवून बघतात, तसं तुम्ही ते नाणं भिंतीवर वाजवत गेलात. टक, टक, टक, आणि खिडकीच्या खाली आल्यावर थप. पुन्हा मागे गेलात: टक. पुढे: थप. खिशातून खडू काढावा तसं नवऱ्याच्या हातातलं मास्किंग टेप घेऊन तुम्ही थप वाजणाऱ्या भागाला कुंपण घातलंत. आम्हाला दिसत होता तळहाताएवढा फुगवटा. कुंपण झालं परातीएवढं.

“भाकरीला पापुद्रा सुटतो तसा सुटलाय,” तुम्ही म्हणालात. “वरचा पत्रा फायबरचा, मागे पातळ प्लायवूड, मागे थर्माकोल. चिकटवून एक केलेलं. पाणी प्लायवूडमध्ये गेलं की चिकटवलेलं सुटतं. आता हे कुठून आत शिरतंय ते बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तुम्ही शिडी मागायला दारात हजर. मी चहा टाकला तर “आधी छत” म्हणालात. ती सिलिकॉनची रेघ बघून तुमचा चेहरा मला अजून आठवतो. सिलिकॉनवर दुसरं कुठलंही सीलंट नीट धरत नाही, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे तो माणूस गळती बुजवून गेला नव्हता, पुढच्या कारागिराची वाट लावून गेला होता. मी विचारलं, वरून अजून एक थर मारूया का. तेव्हा तुम्ही म्हणालात ते वाक्य आता आमच्या घरात कुणीही कशालाही वापरतं, बंद पडलेल्या मिक्सरपासून मुलाच्या गणिताच्या वहीपर्यंत: “पोरी, आधी उघड. मग बंद कर.”

उघडायच्या आधी मात्र तुम्ही फोटो काढायला लावलेत. प्रत्येक जागेचा, फूटपट्टी शेजारी धरून. मग माळ्याच्या कोपऱ्यावरच्या पट्टीतली प्लास्टिकची फीत हलकेच ओढलीत. खाली स्क्रूंची रांग होती. त्यातले काही गंजलेले, आणि तीन नुसते जागच्या जागी गरगर फिरत होते, कारण त्यांच्यामागे लाकूडच नव्हतं. पट्टीखाली ब्युटिल टेपचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या चिकट रबरी फितीचा, थर असायला हवा. तो होता, पण मध्येच संपला होता आणि चारेक बोटं सोडून पुन्हा सुरू झाला होता. एक रीळ संपलं आणि दुसरं लावताना कुणीतरी अंदाजानं सुरुवात केली, एवढंच. त्या चार बोटांतून तीन महिने पाणी आत जात होतं. मी बोट घालून पाहिलं तर प्लायवूडचा ओला लगदा नखाला लागला. त्याचा वास, काका, आमच्या कोकणातल्या बंद घराचा जून महिन्यातला वास.

मग तुम्ही सगळीच गाडी काढलीत तपासायला. स्वयंपाकाचा ड्रॉवर बाहेर काढला तर मागे लाकडाचा भुसा, कापलेले तुकडे आणि चेपलेला सोड्याचा कॅन. पाण्याच्या पाइपवरची तांब्याची कडी तिरकी दाबली होती; काकूंनी खाली स्टीलची वाटी ठेवली आणि आपण सगळे ती भरायची वाट बघत बसलो. शेगडीमागच्या गॅसच्या सांध्याला साबणाचा फेस लावल्यावर बुडबुडे आले, तेव्हा मात्र तुम्ही एक शब्द न बोलता सिलिंडर बंद केलात आणि लायसनवाल्या माणसाला बोलवा म्हणालात. गॅसला तुम्ही हात लावला नाहीत. ज्याला सगळं येतं तो माणूस कशाला हात लावत नाही, ते मी त्या दिवशी पाहिलं. दाराजवळ आरव्हीआयएचा, म्हणजे आरव्ही (असली फिरती घरं) बनवणाऱ्यांच्या संघटनेचा, स्टिकर होता; त्याकडे बोट दाखवून तुम्ही विचारलंत, “हा कशाचा?” मी वाचून सांगितलं: वायरिंग, प्लंबिंग, गॅस आणि आगीपासून सुरक्षितता यांचे नियम पाळल्याचा. “म्हणजे गळणार नाही असं कुणीच लिहून दिलेलं नाही,” तुम्ही म्हणालात.

आणि ती वही. काकूंनी रामनाम लिहायला आणलेल्या कोऱ्या वह्यांतली एक तुम्ही त्यांच्याकडून मागून घेतलीत. पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात “श्री” होतंच. त्याखाली तुम्ही रकाने आखलेत: तारीख, दोष, कुठे, कधी दिसला, कुणाला कळवला, त्यानं काय केलं. डेपोत गाडी आली की ड्रायव्हर दोष लिहून देतो, तोंडी सांगितलेलं उद्या कुणाला आठवत नाही, असं म्हणत तुम्ही मला जुलैपासूनचं सगळं आठवून लिहायला लावलंत. एकूण ४३ नोंदी झाल्या. मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं होतं. वाटलं होतं, हे आज कबूल करते.

कारण घोडं अडलं ते तिथेच. न्यू जर्सीच्या लेमन लॉमधून, म्हणजे सदोष गाडी गळ्यात पडलेल्या गिऱ्हाइकाला वाचवणाऱ्या कायद्यातून, मोटरहोमचा राहण्याचा भाग वगळलेला आहे. इंजिन बिघडलं तर कायदा तुमच्या बाजूनं, छत गळलं तर नाही. उरली ती कारखान्याची एका वर्षाची वॉरंटी. तिच्यात बारीक अक्षरात लिहिलेलं की सीलंट वेळोवेळी तपासणं ही मालकाची जबाबदारी. कारखान्याचं पहिलं उत्तर तेच आलं. मग मी वहीतल्या सगळ्या नोंदी इंग्रजीत टाइप करून फोटोंसकट पाठवल्या आणि लिहिलं, जी टेप तुम्ही लावलीच नाही तिची देखभाल मी कशी करायची? आठ दिवसांनी उत्तर आलं: गाडी घेऊन या.

ऑक्टोबरात दिवाळीच्या आधी आपण पाचजण निघालो. आय-८० हायवे पकडायचा आणि सरळ पश्चिमेला, साडेसहाशे मैलांच्या आसपास. अख्खं पेनसिल्व्हेनिया आडवं कापायचं, मग ओहायो, मग इंडियाना. छतावर ताडपत्री, आत काकूंचा चिवडा. तुम्ही पुढच्या सीटवर डोळे मिटून बसला होतात आणि दर वीस मैलांनी एक निदान करत होतात: “मागचं डावं कपाट बोलतंय.” एकदाही चुकला नाहीत.

उत्तर इंडियानातला एल्कहार्टचा भाग म्हणजे आरव्हीचं इचलकरंजीच. तिथे यंत्रमाग, इथे गाड्या. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही याच टापूत बनतात. मक्याची शेतं, मधूनच स्वतःची मोटार न ठेवणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांची घोडागाडी, आणि तिला लागून पत्र्याचे लांबच लांब कारखाने. आमची गाडी बनली २०२१ मध्ये. करोनात विमानं टाळून सगळ्यांना फिरतं घर हवं होतं, आणि त्या एका वर्षात ट्रेलर धरून ६,००,२४० आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या; आदल्या वर्षी ४,३०,४१२ होत्या. एवढी माणसं, एवढं लाकूड एका वर्षात कुठून आणायचं? पुढे २०२३ मध्ये आकडा ३,१३,१७४ वर उतरला. त्या लाटेतल्या गाड्या आमच्यासारख्यांच्या दारात उभ्या आहेत.

सर्व्हिस मॅनेजर भला माणूस होता, पण त्याची तयारी फुगवट्यात सुईनं गोंद भरून वरून दाबायची होती. दोन तासांत काम, आणि जा घरी. मी जवळजवळ हो म्हणणार होते. तुम्ही मान हलवलीत आणि मला म्हणालात, “सांग त्याला, आत लाकूड कुजलंय. गोंद कशाला धरणार?” मी सांगितलं. तो वॉरंटीचं बोलायला लागला. तुम्ही वही उघडून त्याच्यापुढे ठेवलीत. एक अक्षर त्याला कळत नव्हतं, पण तारखांचे रकाने कळत होते. तो बराच वेळ पानं उलटत राहिला.

शेवटी त्यानं एका कामगाराला बोलावलं. दाढी आहे, मिशी नाही, असा आमिश माणूस, वय तुमच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी कमी. त्यानं पट्टी काढली, फिरणाऱ्या स्क्रूवर बोट ठेवलं आणि तुमच्याकडे बघून मान खाली घातली. तुम्ही त्याला क्वार्टर दिलंत. त्यानं वाजवलं, तुम्ही वाजवलंत. तुमच्या इंग्रजीचा आणि त्याच्या मराठीचा हिशेब सारखाच, तरी पंधरा मिनिटं तुमचं काय चाललं होतं देव जाणे. माझ्यामार्फत एवढंच विचारलंत की पगार कसा मिळतो. तो म्हणाला, गाडीमागे. पहाटे पाचला यायचं, ठरलेल्या गाड्या काढल्या की दुपारी मोकळे. परतताना तुम्ही म्हणालात, “हात चांगलाय त्याचा. पण इतक्या गाड्या काढून घर गाठायचं म्हटल्यावर स्क्रू लाकडात गेला का हवेत गेला, कोण बघत बसतो?” मला त्या लोकांचा राग राग येत होता. तो तिथे थोडा उतरला. कारखान्याचा अजून उतरलेला नाही.

माळ्याची ती भिंत त्यांनी कापून नवी बसवली. तीन आठवडे लागले. नवऱ्यानं नोव्हेंबरात एकट्यानं जाऊन गाडी आणली. तुमची परतीची तारीख जवळ आली होती. तरी तुम्ही बागेतला पाइप घेऊन उभे राहिलात. पाणी खालून सुरू करून वर न्यायचं, एकेका जागी दहा मिनिटं, आत एकानं टॉर्च घेऊन बसायचं. वरून सुरू केलं तर पाणी कुठून शिरलं ते कळत नाही. मी आत होते. कारखान्यातून दुरुस्त होऊन आलेल्या गाडीच्या कपाळावरच्या छोट्या दिव्यामागून एक थेंब आला, थांबला, घरंगळला. मी ओरडले. बाहेरून तुमचा आवाज आला, “कितवा दिवा?” दिव्याखालचं रबर दुमडून बसवलं होतं. तेवढं मात्र आपणच केलं.

पैशाचं पाकीट पुढे केलं तर तुम्ही म्हणालात, व्हिजिटर व्हिसावर कामाचे पैसे घेतले तर मला परत येऊ देणार नाहीत. मग काकूंनी माझ्याकडून दोन ब्युटिल टेपची रिळं मागून घेतली आणि बॅगेत टाकली. पिंपळे गुरवच्या तुमच्या गॅलरीची खिडकी त्यांनी बंद झाली, असं परवा कळलं.

दर वसंतात मी शिडी लावून छतावर चढते. नवरा शिडी धरतो. वही चालू आहे, तिसऱ्यांदा रकाने आखलेत. पुढच्या जूनला येताय असं तुमच्या मुलाकडून कळलं, पण तोवर थांबणार नाही असं एक काम निघालंय. छतावरच्या मागच्या व्हेंटच्या, म्हणजे हवेच्या झरोक्याच्या, डाव्या कडेला सीलंटला केसाएवढी भेग गेली आहे, दोन इंच. फूटपट्टी ठेवून फोटो पाठवलाय. आजूबाजूला क्वार्टर वाजवून पाहिलं, टक वाजतंय. बघून सांगा, उघडू का?

तुमची,
समोरच्या घरातली पोरगी