तारखेला जा

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू एवढा तापलास की बोलायचं राहूनच गेलं, म्हणून लिहितो. हो, सूनबाईच्या पोटगीच्या अर्जावरची कोर्टाची नोटीस मी सही करून घेतली. "परत का नाही पाठवलीत?" म्हणालास. अरे, ३१ वर्षं टपाल वाटलं मी. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून कितीतरी रजिस्टर परत पाठवली, त्या शेऱ्याने कोणी सुटलेला पाहिला नाही. नोटीस नाकारली तरी कोर्ट ती मिळाली असंच धरतं, आणि गेला नाहीस तर एकतर्फी हुकूम होतो. तेव्हा तारखेला जा.

काल देवगडला वकिलांकडे बसून आलो. पोटगीचं पूर्वीचं १२५ कलम, ते आता नव्या संहितेत १४४ झालंय. दोघांनीही पगार, बँक, कर्ज, सगळं प्रतिज्ञापत्रावर द्यायचं, सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तसं ठरवून दिलंय. म्हणजे सूनबाईलाही द्यावं लागेल. ती शिकवण्या घेते ते त्यात येईल, पण तेवढ्यावरून तुझी जबाबदारी संपत नाही, आणि छकुलीचा खर्च तर वेगळाच धरतात. रक्कम अर्ज केल्या दिवसापासून लागते. तू जितक्या तारखा चुकवशील तितकी थकबाकी चढेल, मग वॉरंट. आपल्या दारात पोलीस आलेला तुझ्या आईने पाहावा, असं मला नको.

नोकरी सोडतो म्हणालास ते रागात म्हणालास, असं मी धरतो. धडधाकट, शिकलेला माणूस कमवू शकत नाही हे कोर्ट मानत नाही.

आणि ते पत्र मी देणार नाही. तू मला महिना ५,००० पाठवतोस. १५,००० असं लिहून मागितलंस. झिला, तेवढंच नको सांगू. ५,००० लिहायचे असतील तर आज सही करतो. आईच्या गोळ्यांची बिलं जपून ठेवलीत, तीही पाठवतो. खरं आहे ते सगळं मांड ना! घराचा हप्ता मांड.

खालच्या वाडीतली काकी तुला आठवते? तुला चणे द्यायची ती. तिचा नवरा गिरणीत होता. दहा तारखेला मनीऑर्डर यायची, काकी सकाळपासून गडग्यापाशी उभी. पुढे पैसे येईनासे झाले, तरी ती उभी राहायची. मी लांबूनच मान हलवायचो, म्हणजे तिला पाय ओढत माझ्यापर्यंत यायला नको. दोन पावसाळे असे गेले. शेवटी मी वाटच बदलली, व्हाळाकडून जायला लागलो. ती गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, तुझ्या आईलाही नाही.

पुन्हा उपदेशच झाला. माफ कर. तुमच्या दोघांत काय बिघडलं ते मला ठाऊक नाही, विचारणारही नाही. तुझीच चूक आहे असं मी म्हटलेलं नाही. तिने गणपतीत घर सोडलं तेव्हा तू दोन दिवस जेवला नव्हतास, ते मी पाहिलंय. कॉलेजात असताना घरोघरी पेपर टाकून स्वतःची फी भरलीस, कोणाचा रुपया ठेवला नाहीस. गावात मी छाती पुढे काढून चालतो ते त्याच्यावर.

समुपदेशकासमोर बसवतील तेव्हा आवाज चढवू नकोस. छकुलीचं विचार. तिला यंदा एकही आंबा गेला नाही. मे महिन्यात दोन डझन काढून पेंढ्यात घातले होते, पत्ता कुठला लिहावा कळेना, शेवटी आईने त्यांच्या रसाची साटं घातली. ती डब्यात आहेत.

नोटिशीची झेरॉक्स सोबत आहे. आदल्या रात्री कणकवलीहून तुतारी एक्स्प्रेसने निघतो, पहाटे दादरला उतरेन. आत यायला नको असेन तर बाहेर बाकावर बसेन. साटांचा डबा आणतोय. सूनबाई आली असेल तर तिच्याकडे तू दे, नाहीतर मी देईन.

तुझे बाबा