जागा मिळाली नाही, यादी मिळाली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत शेळीपालन आणि मोबाइल टॉवरच्या जोडीला हल्ली एक नवी ओळ दिसते: ‘व्हेंडिंग मशीन लावा, जागा आम्ही मिळवून देऊ.’ त्यातलं ‘जागा आम्ही मिळवून देऊ’ आमच्या घराला 45 हजारांना पडलं, म्हणून हे पत्र.

माझा पुतण्या बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी बसून होता. लातुरात शिकवणीला आलेली पोरं हजारोंनी आहेत, तेव्हा पैसे टाकले की चिप्स-बिस्किटं देणारी ही मशीन चालेल, हा त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. सोयाबीनचे पैसे आणि वहिनींच्या पाटल्या ठेवून उचललेलं कर्ज घालून त्यानं दोन मशिनी घेतल्या. मशिनी चांगल्या निघाल्या, हेही सांगितलं पाहिजे. त्या घरी आल्या त्याच आठवड्यात ‘लोकेशन टीममधून बोलतो’ म्हणून एकाचा फोन आला. ऑफिस पुण्यात, बोलणं साखरेसारखं. एका जागेचे 15 हजार, पैसे आधी, आणि कमीत कमी तीन जागा घ्याव्या लागतील. दोन मशिनींना तीन जागा कशाला, असं मी विचारलं, तर म्हणे एक स्पेअर.

चार दिवसांनी मोबाइलवर यादी आली. एक शिकवणी, एक खासगी दवाखाना, एक अभ्यासिका. नावं खरी, पत्ते खरे, खाली गोल शिक्का. आम्ही दोघं मोटारसायकलवर निघालो. शिकवणीच्या गेटवर वॉचमन म्हणाला, “मशीन? इथं ऑटो उभा राहू देत नाहीत सर, अन् तुम्ही मशीन म्हणता!” दवाखान्यात कँटीनचा ठेका आधीच दिलेला, दुसऱ्या कुणालाही खाद्यपदार्थ विकायला मनाई. अभ्यासिकेचा मालक तेवढा हो म्हणाला. पण आम्ही सांगेपर्यंत त्याला कुणाचाही फोन आलेला नव्हता. “तुम्ही सरळ माझ्याकडं आला असता तरी हेच बोललो असतो,” असं त्यानं चहा पाजत सांगितलं.

रात्री करारनामा नीट वाचला. 500 रुपयांचा बाँड, चार पानं, आणि त्यात ‘मशीन बसवून देणे’ कुठंच नाही. शब्द होता ‘योग्य जागा सुचविणे’. यादी पाठवली, काम झालं! पोलीस ठाण्यातही हाच कागद आडवा आला. तुमच्यातला व्यवहार आहे, दिवाणी कोर्टात जा, असं तिथं सांगण्यात आलं.

आता बसून पाहिलं की डोळ्यांसमोरच्या गोष्टी दिसतात. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27. पुण्याच्या या ऑफिसचा क्रमांक 07 नं सुरू होत होता, म्हणजे दिल्लीचा. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की कुणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं. आम्ही टाकला तो पैसे गेल्यावर. पैसे गेले तेही कंपनीच्या नव्हे, एका माणसाच्या खात्यात. वर ‘फूड लायसन’चे 6 हजार वेगळे मागितले होते. छोट्या धंद्याच्या अन्न नोंदणीची सरकारी फी वर्षाला 100 रुपये आहे. ते पैसे तेवढे वाचले.

1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर समोरच्या खात्यात शिल्लक असलेली रक्कम गोठवता येते. पुतण्यानं फोन केला एकोणिसाव्या दिवशी. गावात हसं होईल, ही त्याची भीती. तोवर खात्यात काय उरणार! आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेची तक्रार तिथं चालत नाही, असं आम्हाला दोघा-तिघांनी ठासून सांगितलं होतं. पण पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तूंना 2019 च्या कायद्यात ही आडकाठी नाही. सेवेचं त्यात तसं स्पष्ट लिहिलेलं नाही, तेव्हा ते आयोग ठरवील. 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार द्यावी लागते.

जागा शोधून देणारे सगळेच लबाड असतात असं नाही. वाळूजच्या एमआयडीसीत मशिनी चालवणारा आमचा एक सोयरा अशा माणसाकडून काम करून घेतो. पण तो पैसे देतो मशीन उभी राहून जागेच्या मालकाची सही झाल्यावर, तेही निम्मे. उरलेले तीन महिन्यांनी. त्याआधी मशीन उठवावी लागली तर दुसरी जागा फुकट, हे कागदावर. सही करणारा मालक आहे की भाडेकरू, हे तो स्वतः जाऊन बघतो, आणि लाइट बिल कोण भरणार हे पहिल्याच दिवशी ठरवतो. आमच्या कागदात लाइटचा ‘ल’ नव्हता. एस.टी. स्टँडवर किंवा रेल्वे स्टेशनवर ‘सेटिंग’नं जागा देतो म्हणणाऱ्याला तर तो चहासुद्धा विचारत नाही. तिथल्या जागा टेंडरनं जातात.

एक मशीन आता अभ्यासिकेत आहे आणि परीक्षेच्या दिवसांत बरी चालते. दुसरी आमच्या ओसरीवर ताडपत्रीखाली, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी आहे.

आपल्याला विनंती एवढीच. जाहिरात घेताना आपले प्रतिनिधी मजकूर आणि पैसे घेतात, तसा जाहिरातदाराचा जीएसटी क्रमांक आणि ऑफिसचा पत्ताही घ्यावा, आणि तो जाहिरातीत छापावा. आमच्याकडची माणसं छापून आलेल्यावर अजून विश्वास ठेवतात.

आपला,
एक वाचक, औसा (जि. लातूर)
(नाव व पत्ता कार्यालयात दिला आहे.)