‘गोळ्या घेता ना?’ हा प्रश्नच चुकीचा आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिकलसेल या तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजारावरील जनुकीय उपचारांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत असे दोन उपचार एकाच दिवशी मंजूर झाले, ही घटना मोठीच आहे आणि तिच्यावर लिहिले जायलाच हवे. मात्र हे उपचार ज्यांच्यापर्यंत पोहोचणार नाहीत, म्हणजे जवळपास सगळेच रुग्ण, त्यांच्यासाठी रोज घ्यायच्या जुन्या औषधांचा त्या लेखात उल्लेखही नव्हता. मी अनेक वर्षे रुग्णालयाच्या औषध-खिडकीत बसून हीच औषधे दिली आहेत, म्हणून हे पत्र.

त्यांपैकी हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचा उपयोग सिद्ध होऊन आता बराच काळ लोटला आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २९९ प्रौढ रुग्ण होते. औषध घेणाऱ्या गटात वेदनेच्या झटक्यांचे मध्यक प्रमाण वर्षाला २.५, तर औषध न घेणाऱ्या गटात ४.५ आढळले. लहान मुलांच्या बाबतीत १९८६ चा पेनिसिलीनचा अभ्यास तर याहून ठळक आहे: तीन वर्षांखालील मुलांना दिवसातून दोनदा तोंडाने पेनिसिलीन दिल्यावर न्यूमोकोकस या जिवाणूच्या गंभीर संसर्गाचे प्रमाण ८४ टक्क्यांनी घटले. औषधे आहेत आणि ती काम करतात. अडते ते पुढे, घरात.

या आजारात संसर्गापासून बचाव करणारी प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते, त्यामुळे हसत-खेळत असलेल्या मुलाला रोज दोनदा पेनिसिलीन द्यावे लागते, तेही निदान पाच वर्षांचे होईपर्यंत. हायड्रॉक्सीयुरियाची तऱ्हा आणखी वेगळी आहे. बाळ गर्भात असताना त्याच्या रक्तात असते ते हिमोग्लोबिन हे औषध पुन्हा वाढवते आणि त्यामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचे प्रमाण कमी होते. पण हा परिणाम दिसायला काही महिने जातात. वेदनाशामक गोळी घेतली की तासाभरात कळते. हे औषध घेतल्याने आज काही वाटत नाही आणि चुकवल्यानेही आज काही बिघडत नाही. त्याचा लाभ म्हणजे न आलेला झटका, आणि न आलेल्या झटक्याची नोंद कोणीच ठेवत नाही. असे औषध माणूस विसरतो, यात आळशीपणा शोधण्याचे कारण नाही.

आणि आम्ही काय करतो? ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ असे विचारतो. त्या ‘ना’मध्येच उत्तर देऊन ठेवलेले असते, समोरचा ‘हो’ म्हणतो आणि पुढे सरकतो. मीही कित्येक वर्षे हेच विचारत होते. एकदा तीस दिवसांचे हायड्रॉक्सीयुरिया पन्नासाव्या दिवशी न्यायला आलेल्या एका तरुणाला मी रांगेतल्या सगळ्यांसमोर चार शब्द सुनावले. त्यानंतर तो कित्येक महिने फिरकलाच नाही. पुढे त्याच्या आईकडून कळले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यामुळे डॉक्टरांनी औषध काही दिवस थांबवायला सांगितले होते आणि ते पुन्हा कधी सुरू करायचे हे त्याला नीट उमगलेच नव्हते. असा तात्पुरता खंड या औषधात नेहमीचाच आहे, म्हणून थांबवतानाच पुढच्या तपासणीची तारीख कागदावर लिहून द्यायला हवी. तेव्हापासून मी प्रश्न बदलला: ‘गेल्या आठवड्यात किती दिवस राहून गेले?’ कोणाचेही राहून जाते हे त्यात गृहीतच असल्याने लोक खरे सांगू लागले.

खरे बोलणे सुरू झाले की कारणे बाहेर येतात आणि ती प्रत्येकाची निराळी असतात. हायड्रॉक्सीयुरियाच्या पाकिटावर किंवा इंटरनेटवर ‘कर्करोगाचे औषध’ असे वाचून घाबरलेली माणसे मी पुष्कळ पाहिली. त्यांना सिकलसेलमधला डोस आणि त्यावरची देखरेख समजावून सांगावी लागते. मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या जोडप्यांची शंका खरी असते, ती डॉक्टरांशी उघडपणे बोलायचीच गोष्ट आहे. गुपचूप औषध बंद करणे हा त्यावर उपाय नव्हे. लहान मुलाला कॅप्सूल गिळता येत नसेल तर ती घरी फोडू नये, पातळ स्वरूपाची चौकशी करावी. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये, हेही पुन्हा पुन्हा सांगावे लागते. रक्ततपासणी एका दिवशी आणि औषध दुसऱ्या दिवशी, असे दोन हेलपाटे घालायला लावणाऱ्या व्यवस्थेने मात्र रुग्णाला शिस्त शिकवू नये.

मोबाइलवरच्या आठवणीच्या संदेशांचा उपयोग होतो, पण तो विसरणाऱ्याला. भीतीने किंवा कंटाळ्याने औषध सोडलेल्याला घड्याळ काय सांगणार? त्यापेक्षा मला एक साधी गोष्ट अधिक गुणकारी वाटली. हायड्रॉक्सीयुरिया नियमित घेतल्यास तांबड्या पेशींचा आकार वाढतो आणि नेहमीच्या रक्ततपासणीत तो ‘एमसीव्ही’ या आकड्यात दिसतो. मागचा आणि आताचा आकडा रुग्णासमोर शेजारी-शेजारी ठेवला, की न दिसणारे औषध काहीसे दिसू लागते. अर्थात थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचा गुण किंवा लोहाची कमतरता असल्यास हा आकडा फसवू शकतो, म्हणून तो चोरी पकडण्यासाठी वापरू नये. नियमित औषध घेऊनही काहींना झटके येतात. अशा वेळी वेदनेने कळवळणाऱ्याला ‘तू गोळ्या चुकवल्या असशील’ म्हणणे क्रूरपणाचे आहे.

सर्वाधिक गळती होते ती किशोरवयात. तोवर आई हातावर गोळी ठेवत असते आणि अचानक एके दिवशी ‘आता तू मोठा झालास’ म्हणून सगळे त्याच्यावर सोपवले जाते. त्याच सुमारास ओळखीचे बालरोगतज्ज्ञही सुटतात. बारा-तेराव्या वर्षापासून डबी भरण्याचे काम मुलाने करावे आणि आईने नुसते पाहावे, मग औषध संपत आल्याचे त्याने स्वतः सांगावे, अशी दोन-तीन वर्षांची चढण ठेवली तर हा बदल सुसह्य होतो.

आपल्या पुरवणीत यापुढे सिकलसेलवर लेख येईल तेव्हा पेनिसिलीन आणि हायड्रॉक्सीयुरिया यांच्यासाठी एक चौकट राखून ठेवावी, एवढी विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी