उसवलेले दोन आकडे

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं, काच शाबूत आहे. फोनवर म्हणालास, "जुनं भरतकाम आहे, एबीसीडी आणि देवाची कविता, तुला आवडेल." आवडलं म्हणजे काय, दोन दिवस भाजी बाबांनीच निवडली.

याला 'सॅम्प्लर' म्हणतात. आम्ही शाळेत मॅटीवर टाक्यांचे नमुने करायचो, त्याची ही थोरली बहीण. मी अक्षरं मोजली तर चोवीसच भरली. हे भरणारी पोरगी विसरली नव्हती रे. जुन्या सॅम्प्लरांवर पुष्कळदा जे आणि यू नसतात, आय आणि व्हीवरच भागवलेलं असतं. आणि अक्षरं शिकायची कशाला, तर चादरी-टॉवेलांवर आद्याक्षरं आणि क्रमांक घालायला. आपण भांड्यांवर नावं घालून घेतो ना, तसं.

खालची कविता आयझॅक वॉट्सची. 1715 साली त्याने मुलांसाठी देवाधर्माची गाणी छापली आणि पुढे कित्येक पिढ्या ती इंग्लंडातल्या पोरींच्या सुईखालून गेली. चिमुकली मधमाशी एकेक तास कसा कारणी लावते, आणि रिकाम्या हातांना सैतान काहीतरी उद्योग शोधून देतो, असं त्यात आहे. आपला रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो, त्यात निदान हसू तरी येतं. लुईस कॅरलने 1865 साली 'ॲलिस इन वंडरलँड'मध्ये ॲलिसच्या तोंडी याचंच विडंबन घातलं, मधमाशीच्या जागी मगर. पाठ करून कावलेल्या मुलांना किती बरं वाटलं असेल! काही सॅम्प्लरांवर तर चक्क मरणाच्या ओळी असतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलीकडून घरं मोजून मोजून ते भरून घ्यायचं, हे मला काही पटत नाही. टाके मात्र सुरेख आहेत, आमच्या शिवणाच्या बाईंनीसुद्धा मान हलवली असती.

आता गंमत. नाव आहे, 'वय 9' आहे, पुढे सालातले 18 आणि मग दोन आकड्यांची जागा मोकळी. मागून दिवा धरला तर सुईची भोकं दिसतात. भरलेलं उसवलंय! मोठेपणी वय लपवायला बायका असं करायच्या. तुझ्या आजीने रेशनकार्डावरचं साल कधी खरं मानलं नाही, तिची आठवण झाली. अक्षरं शिकवलेली, कविता दुसऱ्याची, वेलबुट्टी नमुन्यावरची. या तुकड्यात तिने आपल्या मनाने केलेलं एवढंच.

लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एलिझाबेथ पार्कर नावाच्या मुलीचं काम आहे, 1830 च्या सुमाराचं. ते मांडलेलं नसलं, आत ठेवलेलं असलं, तर निदान विचारून बघ. ससेक्समधल्या मजुराची मुलगी, तेराव्या वर्षी घरकामाला लागलेली. तिच्या कापडावर ना वेल, ना चौकट. नुसत्या लाल धाग्याच्या ओळींमागून ओळी. सुरुवातच अशी की, मला लिहिता येत नाही, म्हणून हे साधेपणाने मांडते आहे. मालकाने केलेले हाल, जीव द्यावासा वाटणं, त्या पापाची धास्ती, सगळं सुईने. शेवटी 'माझ्या आत्म्याचं काय होईल' असं विचारते आणि ओळ तिथेच थांबते. खाली कापड कोरं. मी पुस्तकात फोटो पाहिला तेव्हा पान उलटून पुढचं शोधलं होतं, वेड्यासारखं. पुढे ती गावातच शिक्षिका झाली आणि शहात्तर वर्षं जगली. हे कळेपर्यंत मला चैन नव्हतं.

तुझी फ्रेम मी उघडली, रागावू नकोस. मागे लाकडाची फळी होती, तिचे तपकिरी डाग कापडावर उतरायला लागलेत. फळी काढून आम्लरहित पुठ्ठा घालून घेणार आहे. पुढून पानं निळी दिसतात, पाठीमागून हिरवीगार. निळ्यावर पिवळा चढवून हिरवा करायचे, उजेडाने पिवळा उडाला. म्हणून हॉलमध्ये लावणार नाही. देवघराशेजारच्या अंधाऱ्या भिंतीवर बाबांनी खिळा ठोकलाय. तिरका.

धुऊन टाक असं बाबा म्हणत होते. हात लावू दिला नाही.

थंडीत कान झाकत जा.

तुझी,
आई