रिकाम्या लॉटवर नवे घर की जुने?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील मोबाइल होम पार्कमध्ये पैसे गुंतवणाऱ्या भारतीयांविषयीचा लेख वाचला. अशा पार्कात कारखान्यात बनलेली घरे आखून दिलेल्या छोट्या जागांवर, म्हणजे लॉटवर, आणून बसवतात. घर बहुधा रहिवासी विकत घेतो आणि लॉटचे भाडे पार्कमालकाला देतो. पार्क विकत कसे घ्यावे याबद्दल लेखात बरेच काही आहे. परंतु रिकाम्या लॉटवर कोणते घर आणून बसवावे या प्रश्नाची बोळवण मात्र 'जुने घर स्वस्त पडते' एवढ्या एका वाक्यात झाली आहे. ओहायोतील अशा काही पार्कांचे हिशेब मी पाहतो आणि नवख्या मालकाचे हात पोळतात ते नेमके याच ठिकाणी, म्हणून हे पत्र.

जुन्या घराची खरेदी किंमत हा एकूण खर्चाचा एक हिस्सा असतो. वाहतूक, रस्त्याचे परवाने, ठोकळ्यांवर घर समपातळीत बसवणे, वादळात ते हलू नये म्हणून जमिनीत अँकर रोवून पट्ट्यांनी आवळणे, पाणी, सांडपाणी आणि वीज जोडणे, पायऱ्या आणि खालच्या पोकळीभोवतीचे स्कर्टिंग हा सारा खर्च घर नवे असो की जुने, साधारण सारखाच येतो. त्यावर जुन्या घराची डागडुजी असते. न्हाणीघरात कमोडच्या बाजूला पाय दाबून पाहावा. जमीन लवली तर खालचा भुशाचा बोर्ड पाणी पिऊन फुगलेला आहे असे समजावे. १९७८ ते १९९५ या काळातील अनेक घरांत पॉलिब्युटिलीन या प्लास्टिकच्या राखाडी नळ्या आहेत आणि त्या गळण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. दहा हजार डॉलरला 'मिळालेले' घर राहण्याजोगे होईपर्यंत पंचवीस हजारांवर सहज जाते.

घराचे वय हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. १५ जून १९७६ पासून ही घरे केंद्राच्या गृहनिर्माण खात्याच्या, म्हणजे 'हड'च्या, संहितेनुसार बांधावी लागतात आणि घराच्या प्रत्येक भागाला बाहेरून लाल धातूची पट्टी लावलेली असते. त्याआधीचे घर नव्याने आणून बसवायला अनेक ठिकाणी परवानगीच मिळत नाही. १९९२च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर वाऱ्यासंबंधीचे नियम १९९४ मध्ये कडक झाले. स्वयंपाकघरातील कपाटाच्या आत किंवा विजेच्या पॅनेलजवळ चिकटवलेल्या तक्त्यावर घर किती जोराच्या वाऱ्याच्या प्रदेशासाठी बांधले आहे हे छापलेले असते, त्यामुळे देशाच्या आतल्या भागातले स्वस्त घर उचलून फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर नेण्याचा बेत कागदावरच राहतो. (कॅटरिना वादळानंतर सरकारने लिलावात काढलेल्या ट्रेलरांचा मोह तर कोणी धरूच नये, त्यांतील फॉर्मल्डिहाइड या घातक वायूचा वाद सर्वश्रुत आहे.)

मग नवे घर घ्यावे का? नव्या सिंगल-वाइडची, म्हणजे एकाच भागात बनलेल्या अरुंद घराची, सरासरी किंमत गेल्या काही वर्षांत ऐंशी हजार डॉलरच्या वर गेली आहे. समजा, ते विकत घेणाऱ्या रहिवाशाने दहा टक्के रक्कम रोख भरली आणि उरलेल्या ७२ हजारांवर नऊ टक्क्यांनी वीस वर्षांचे कर्ज घेतले, तर हप्ता सुमारे ६५० डॉलर बसतो. त्यात ४५० डॉलरचे लॉटभाडे मिळवले की महिन्याचे अकराशे झाले. ज्या गावात बऱ्यापैकी घर नऊशे डॉलर भाड्याने मिळते, तिथे हे कोण घेणार? कारखान्यातून आलेले घर लॉटवर उभे करून खरेदीदाराला कर्ज देणाऱ्या योजना आहेत, त्यामुळे पार्कमालकाला भांडवल घालावे लागत नाही असे वाटते. पण अशा योजनेत हप्ते थकल्यास घर ताब्यात घेण्याची हमी बरेचदा मालकाकडूनच घेतलेली असते.

माझ्या मते निवड करताना आधी लॉटकडे आणि गावातील घरभाड्याकडे पाहावे, घराच्या किमतीकडे नंतर. १९५० आणि १९६०च्या दशकांतील पार्कांचे लॉट दहा-बारा फूट रुंद घरांसाठी आखलेले होते. तिथे सोळा फूट रुंद आणि शहात्तर फूट लांब घर हद्दीपासूनचे अंतर राखून बसतच नाही आणि विजेचा जुना खांबही बहुधा अपुरा पडतो. अशा लॉटला १९९५ नंतरचे, चौदा फुटी, नीट तपासलेले जुने घर किंवा नव्यांपैकी आखूड मॉडेल योग्य ठरते. मोठ्या शहरालगत, जिथे साधी सदनिकाही महिना दीड हजार डॉलर भाड्याच्या खाली मिळत नाही, तिथे मात्र मी बिनदिक्कत नवे घर सुचवेन.

दोन्ही बाबतींत घर विकून नफा कमावण्याचा हट्ट सोडावा. समजा, रिकामा लॉट भरल्यावर महिना चारशे डॉलर लॉटभाडे आले, म्हणजे वर्षाचे ४,८०० डॉलर. चाळीस टक्के खर्च वजा जाता २,८८० उरतात आणि आठ टक्के परताव्याच्या हिशेबाने पार्काची किंमत ३६ हजारांनी वाढते. त्यापुढे घरावर आलेली चार-पाच हजारांची तूट किरकोळ आहे. उलट घर विकले जात नाही म्हणून ते भाड्याने देणे हा सर्वांत महाग मार्ग. छप्पर, गीझर, घर तापवणारी भट्टी सगळे मालकाच्या गळ्यात पडते आणि पार्कावर कर्ज देणाऱ्या बँका घरांचे भाडे फारसे जमेस धरत नाहीत. स्वतः हप्त्याने विकण्याची जुनी रीतही गृहकर्ज व्यवहारांवर निर्बंध घालणारे २००८चा सेफ कायदा आणि २०१०चा डॉड-फ्रँक कायदा आल्यापासून सोपी राहिलेली नाही. त्यासाठी परवानाधारक कर्जमध्यस्थ लागू शकतो, याचा लेखात उल्लेखच नाही.

रहिवाशाची बाजूही लेखात यायला हवी होती. एकदा बसवलेले घर पुन्हा हलवण्याचा खर्च त्याला परवडत नाही, त्यामुळे घर विकल्यावर वर्षभरात लॉटभाडे वाढवणारा मालक त्याला अक्षरशः कोंडीत पकडतो. भाडेवाढ कशी होईल हे विक्रीच्या वेळीच लेखी देणे मालकाच्याही हिताचे आहे, कारण बोभाटा झाला की पुढच्या लॉटला गिऱ्हाईक मिळत नाही.

शेवटी एक सूचना. घर पसंत करण्याआधी मालकाने गावाच्या झोनिंग (जमीनवापराचे नियम पाहणाऱ्या) कार्यालयात जाऊन किती जुने आणि किती मोठे घर चालेल हे लेखी घ्यावे. काही गावांत लॉट ठरावीक काळ रिकामा राहिला तर त्यावर पुन्हा घर बसवण्याचा हक्कच संपतो, आणि तसे झाले असेल तर नवे की जुने हा प्रश्न उरत नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक, ओहायो