शिकारीला माप लावा: फेरो बेटांच्या मत्स्योद्योग मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मत्स्योद्योग मंत्री,
फेरो बेटांचं सरकार, टोर्शहावन

सन्माननीय मंत्रीमहोदय,

दर उन्हाळ्यात उत्तर अटलांटिकमधल्या तुमच्या छोट्या बेटांवरचे तेच ते फोटो जगभर फिरतात. खाडीचं पाणी लालभडक, कमरेइतक्या पाण्यात उभी माणसं, काठावर ओळीने पडलेले व्हेलचे काळे देह. खाली प्रतिक्रियांचा पाऊस, त्यातल्या निम्म्या नुसत्या शिव्या. त्या शिव्यांत मराठीचाही वाटा असतो, म्हणून हे पत्र मराठीत आणि उघडपणे लिहिते आहे. मागणी तुमच्याकडे आहे, पण आधी चार गोष्टी आमच्याच लोकांना ऐकवायला हव्यात.

ग्रिंडाद्राप, म्हणजे पायलट व्हेलचा कळप होड्यांनी हाकत किनाऱ्यावर आणून मारणं, हा धंदा नाही. त्याच्या नोंदी १५८४ पासूनच्या आहेत. ठरवून दिलेल्या खाड्यांमध्येच आणि स्थानिक अधिकाऱ्याच्या परवानगीनेच तो होतो. प्रत्येक व्हेल मोजली जाते, तिच्या अंगावर क्रमांक कोरला जातो, आणि मांस-चरबीचे वाटे जुन्या हिशेबाने शिकारीत उतरलेल्यांना आणि गावाला फुकट मिळतात. जिथे धान्य जेमतेम पिकतं तिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवाळा या मांसावर निघाला. पायलट व्हेल नामशेष होत चालली आहे असंही नाही. ईशान्य अटलांटिकमध्ये तिची संख्या लाखांत मोजली जाते आणि तुमच्याकडे वर्षाला सरासरी काहीशे मारल्या जातात. ‘मजेसाठी कत्तल’ असं लिहिणाऱ्यांनी यातलं काहीच वाचलेलं नसतं.

इथवर मी तुमच्या बाजूने बोलले. आता क्रौर्याचं.

तुमचं सरकार सांगतं की पाठीच्या कण्यात घुसवायच्या खास भाल्याने मज्जारज्जू तुटतो आणि प्राणी काही सेकंदांत मरतो. २०१५ पासून प्रशिक्षण घेतल्याशिवाय कोणाला ते हत्यार चालवता येत नाही. सराईत हात असेल तर एका प्राण्यापुरतं हे खरं मानायला माझी हरकत नाही. पण तुमचं घड्याळ भाला लागतो तेव्हा सुरू होतं. त्याआधी कळपाला होड्यांच्या अर्धवर्तुळात, इंजिनांच्या आवाजात हाकत आणलेलं असतं, कधीकधी तासन्‌तास. पायलट व्हेलचा कळप म्हणजे आज्या, आया, लेकी आणि पिल्लं यांचं एक कुटुंब. ती एकमेकींना सोडून पळत नाहीत, आणि त्यांच्या याच स्वभावामुळे तर त्यांना हाकता येतं. गाभण माद्या आणि पिल्लंही सुटत नाहीत. कळपातला शेवटचा प्राणी मरेपर्यंत आपल्या माणसांच्या रक्तात तडफडत असतो. (‘माणसांच्या’ असं लिहिलं गेलं, राहू द्या.) त्याच्या वाट्याला आलेला हा सगळा वेळ तुमच्या सेकंदांमध्ये कुठेच धरलेला नाही.

यावर तुमच्याकडून हमखास उत्तर येतं की पिंजऱ्यात जन्मून पिंजऱ्यातच मरणाऱ्या डुकराचं काय? प्रश्न रास्त आहे. व्हेल मरेपर्यंत मोकळी जगते, डुकराच्या नशिबी तेही नाही. पण शेजाऱ्याचं पाप मोठं निघालं म्हणून आपलं पुण्य वाढत नाही.

आता १२ सप्टेंबर २०२१. आइस्तुरोय बेटावरच्या स्कालाबोत्नुर इथे त्या दिवशी चौदाशेहून जास्त डॉल्फिन मारले गेले. पायलट व्हेल नव्हे, पांढऱ्या कुशीचे अटलांटिक डॉल्फिन. कळप साधारण दोनशेंचा असेल असा अंदाज होता. तो साफ चुकला, एवढ्या प्राण्यांना झटपट मारायला किनाऱ्यावर माणसं पुरली नाहीत आणि मारणं लांबत गेलं. ही मोठी चूक झाली असं तुमच्याच शिकारी संघटनेच्या अध्यक्षांनी जाहीरपणे कबूल केलं. लगेच झालेल्या जनमत चाचणीत निम्म्याहून जास्त लोक डॉल्फिनच्या शिकारीविरुद्ध होते, आणि त्याच लोकांपैकी बहुसंख्यांना पायलट व्हेलची शिकार मात्र चालू राहायला हवी होती. मला ही चाचणी फार महत्त्वाची वाटते. परंपरा कुठे संपते, हे तुमच्या लोकांना कोणी बाहेरून येऊन शिकवलं नव्हतं.

सरकारने काय केलं? २०२२ आणि २०२३ साठी वर्षाला ५०० डॉल्फिनची मर्यादा घातली. हे पाचशे कोणत्या गावाच्या कोणत्या गरजेतून आले, हे मला कुठेच वाचायला मिळालं नाही.

गरजेचं मोजमाप तुमच्या घरातच तयार आहे, आणि ते तुमच्या डॉक्टरांनी केलेलं आहे. १९८६-८७ मध्ये फेरो बेटांवर जन्मलेल्या हजारभर मुलांचा पाल वाइहे आणि फिलिप ग्रांजाँ यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आईच्या पोटात असताना ज्यांना पारा जास्त पोचला होता, ती मुलं सातव्या वर्षी भाषा, लक्ष आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. पारा आला होता मुख्यतः आईने खाल्लेल्या व्हेलच्या मांसातून. २००८ मध्ये वाइहे आणि तुमचे तेव्हाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी यांनी स्पष्ट लिहिलं की पायलट व्हेल आता माणसाने खाऊ नये. तुमच्या अन्न खात्याने पुढे त्याला मुरड घातली. मोठ्यांनी महिन्यातून फार तर एकदा खावं, गरोदर बायकांनी आणि मूल होऊ देऊ इच्छिणाऱ्यांनी टाळावं, असा सल्ला ठरला.

हा पारा तुमचा नाही, हेही इथेच सांगायला हवं. त्यातला एक वाटा जगभर जाळल्या जाणाऱ्या कोळशातून हवेत जातो, समुद्रात उतरतो, माशांतून वर चढत व्हेलच्या अंगात साठतो. तुमच्यावर ओरडणाऱ्या देशांची धुराडी त्यात आहेत, आमचीही आहेत. तुमच्या ताटात आम्ही विष कालवलं आणि वर तुम्हालाच रानटी म्हणालो. निषेध करणाऱ्या एका तरी फलकावर हे लिहिलेलं असतं तर बरं झालं असतं.

पण विष कोणी का घातलेलं असेना, आता हिशेब करावाच लागेल. तुमची लोकसंख्या साधारण ५४,००० आहे. महिन्याला एक जेवण, जेवणाला सढळ हाताने पाव किलो, म्हणजे माणशी वर्षाला तीन किलो. तान्ही बाळं, गरोदर बायका आणि व्हेल न खाणारे, सगळे धरले तरी १६२ टनांच्या पुढे आकडा जात नाही. खरा आकडा याहून बराच खाली येईल. हा आकडा दरवर्षी खाड्यांमध्ये पडणाऱ्या मांसाशेजारी ठेवून तुमच्या खात्याने एकदा लोकांना दाखवावा. ज्या परंपरेत प्रत्येक व्हेल मोजून, क्रमांक टाकून वाटली जाते, तिला हा हिशेब परका नाही.

शिकारीविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. १९८३ मध्ये तेव्हाच्या युरोपीय समुदायाने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांची आयात बंद केली. आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांना, इनुइटांना, कागदावर सूट होती, ते पिल्लं मारतही नव्हते. तरी सीलच्या कातड्याची बाजारपेठच कोसळली आणि आर्क्टिकमधल्या वस्त्यांचं हातातलं रोख उत्पन्न गेलं. कितीतरी वर्षांनी, २०१४ मध्ये, सीलच्या शिकारीविरुद्ध मोहीम चालवलेल्या ग्रीनपीसच्या कॅनडा शाखेने इनुइटांची जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी तुमच्या सांदोय बेटावर व्हेलच्या शिकारीविरुद्ध लढणाऱ्या सी शेफर्ड संघटनेचे १४ जण शिकार अडवताना पकडले गेले. शिकार तरीही झालीच. परक्या जहाजांनी येऊन आरडाओरडा केला की ग्रिंडाद्राप जेवणाचा विषय राहत नाही, अस्मितेचा होतो, आणि मग ज्या तरुणाला ते मांस आवडतही नाही तोसुद्धा पाण्यात उतरतो. मात्र, माफ करा, या आरडाओरड्याचा तुमच्या सरकारलाही थोडा फायदाच झाला आहे. बाहेरच्यांना उत्तर देण्याच्या भरात घरातल्या डॉक्टरांना उत्तर द्यायचं राहून गेलं.

आणि इनुइटांचं नाव पुढे करून तुम्हाला सुटता येणार नाही. त्यांच्या दूरच्या वस्त्यांत दुकानातलं अन्न परवडत नाही. तुमचा देश मासळी आणि सॅल्मन विकून सधन झालेला आहे, दुकानं भरलेली आहेत. जुलै २०२३ मध्ये टोर्शहावनच्या बंदरात क्रूझमधल्या प्रवाशांच्या डोळ्यांदेखत ७८ पायलट व्हेल मारल्या गेल्या, आणि जहाज कंपनीला प्रवाशांपाशी दिलगिरी व्यक्त करावी लागली. प्रवाशांना वाईट वाटलं याचं मला फारसं काही नाही. पण ज्या बंदरात पर्यटक उतरवून पैसा मिळतो, तिथे शिकार ही पोटाची लाचारी होती असं म्हणता येत नाही. आवड आहे म्हणा, ओढ आहे म्हणा, ते मी समजू शकते. तिचा मान राखायलाही तयार आहे. फक्त आवडीला गरजेइतकी मोकळीक देऊ नका.

म्हणून उद्याच सगळं बंद करा असं मी म्हणत नाही. वर्षाची कमाल मर्यादा कायद्याने ठरवा, आणि ती समुद्रात व्हेल किती आहेत यावरून नको, तुमच्या अन्न खात्याच्या सल्ल्यानुसार लोक किती खाऊ शकतात यावरून ठरू दे. कळप किनाऱ्यावरच्या माणसांना झेपणार नाही इतका मोठा असेल तर तो परत खुल्या समुद्रात सोडणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर न ठेवता बंधनकारक करा. हाकायला सुरुवात झाल्यापासून शेवटचा प्राणी मरेपर्यंतचा वेळ प्रत्येक शिकारीत नोंदवून जाहीर करा, आणि ती नोंद शिकारीत भाग न घेणाऱ्या पशुवैद्याच्या हाती असू दे. मांसाच्या वाट्याबरोबर पाऱ्याबद्दलचा सल्ला छापील स्वरूपात प्रत्येक घरी जाऊ दे.

यातल्या बऱ्याच गोष्टींना वेळ लागेल, मान्य आहे. डॉल्फिनची शिकार शून्यावर आणायला मात्र कोणतंही गणित लागत नाही. ते येत्या हंगामाआधी करा.

आपली,
एक मराठी वाचक